रामदासपेठेचं कराटे आणि आंबाबोडीचं टोपलं

कुसुम लांजेवार, वय एकोणीस, राहणार आंबाबोडी, तालुका कुही. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठ वाजता, गावच्या पांदणीत, राइस मिलच्या मालकाच्या पुतण्यानं तिचा हात धरून ओढला. ती शेतात बापाची शिदोरी घेऊन चालली होती. पोलक्याची बाही फाटली, मनगट सुजलं, ती कडेच्या धुऱ्यावरून खाली धानाच्या बांधीतल्या चिखलात पडली. फाट्यावरच्या चौकीत हवालदारानं कागदावर लिहिलं, 'पाय घसरून पडली.' पुतण्याचं नाव मी इथं लिहिलं होतं. छापणाऱ्यांनी ते काढलं. तेव्हा त्याला पुतण्याच म्हणू.

एवढं वाचून तुम्ही हळहळाल आणि पान उलटाल, म्हणून पुढचं लगेच सांगते. ही मुलगी कराटे शिकलेली होती. नागपुरात, रामदासपेठेत. तिच्याजवळ सर्टिफिकेट आहे आणि त्यावर आग ओकणारा साप छापलेला आहे.

रामदासपेठ

प्रवास आंबाबोडीचा असला तरी सुरुवात इथून करावी लागते, कारण चूक इथली आहे.

कुसुम नागपुरात नर्सिंग शिकते. गेल्या वर्षी तिच्या होस्टेलच्या मुलींना तीन महिन्यांचा कराटे-वर्ग फुकट मिळाला. देणाऱ्या बाया मोटारीतून येणाऱ्या. हॉल दवाखान्यांच्या रांगेमागचा, गुळगुळीत फरशीचा. मी आमच्या बायकांच्या मंडळाची पत्रकं घेऊन दारात उभी असायची, आणि शेवटच्या दिवशी मी टाळ्याही वाजवल्या, हे इथंच कबूल करून टाकते. कडक इस्त्रीचे पांढरे सूट. भिंतीवरच्या जपानी म्हाताऱ्याच्या फोटोला कमरेत वाकून नमस्कार. 'इची, नी, सान' अशी मोजणी. मराठीत मोजलं तर ठोसा लागत नसावा. मग मुलींनी ओळीनं कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडले. अध्यक्षीणबाईंनी तोंडाला रुमाल लावून 'अगंबाई' म्हटलं. कवेलूनं एखाद्या मुलीचा हात धरल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

शिकवायला होते रामटेके मास्तर. पन्नाशीचे, ठेंगणे, मान खांद्यांत रुतलेली. तरुणपणी जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. कोबे बंदरात जहाज दुरुस्तीला अडकलं तेव्हा वेळ जाईना म्हणून तिथल्या एका आखाड्यात शिरले, आणि पुढं जपानच्या प्रत्येक फेरीत मुक्काम तिथंच. ज्यूदो, ज्यूजुत्सू, कराटे, तिन्ही अंगात मुरलेलं. रामदासपेठेत मात्र ते पगारी माणूस होते. वर्गाचा मालक सांगेल ते शिकवायचं.

दिवाळीनंतर त्यांना कुसुमचं पत्र आलं. त्यांनी ते मला हॉलच्या पायरीवर बसून वाचून दाखवलं. 'सर, तुम्ही शिकवलं ते मला काहीच करता आलं नाही. पाय फाकून उभं राहायचं होतं, लुगडं आड आलं. दोन्ही हात समोर घ्यायचे होते, पण एका हातानं टोपलं धरलं होतं. माझंच चुकलं असेल. आता बाबा मला नागपूरला पाठवत नाहीत. सोमवारपर्यंत हजर झाले नाही तर होस्टेलात नाव कापतील.'

'माझंच चुकलं असेल' एवढी एक ओळ मास्तरांनी तीनदा वाचली. मग आत गेले. मीही मागून गेले. मालक टेबलावर नवे पट्टे रंगांप्रमाणे लावत बसला होता.

मास्तर म्हणाले, "हा कोर्स बंद करा. आपण पोरीयले खोटं शिकवून राहिलो."

"मास्तर, पुढच्या महिन्यात बेल्टची परीक्षा आहे. पाहुणे ठरलेत."

"डोक्यावर टोपलं असन तं काय करायचं, हे आहे का तुमच्या परीक्षेत?"

मालक हसला. "टोपलं जपानी नाही ना, मास्तर."

मास्तरांनी खुंटीवरचा आपला काळा पट्टा काढला, घरी नेला आणि त्यानं स्वतःची वळकटी बांधली. बुधवारी सकाळी आम्ही दोघं आंबाबोडीला जायला बसस्टँडवर होतो.

पाचगाव ओलांडेपर्यंत

बसच्या प्रवासात सांगण्यासारखं एकच झालं. पाचगावच्या अलीकडं टपावरची वळकटी सुटली, सतरंजी रस्त्यावर, मास्तरांचा पायजमा बाभळीवर. बस थांबली. सगळे उतरले, मदतीपेक्षा पाहायलाच जास्त. एक म्हातारा पायजमा काठीनं काढून देत म्हणाला, "पट्टा लय भारी हाये गा, पण गाठ काही टिकत नाही तुमची." मास्तर म्हणाले, "तेच तं पाहायले चाललो, बुवा."

मग दोन्हीकडं धान. नागपूरकरांनो, तुम्ही तांदूळ पोत्यातच पाहता. इथं तो सोनेरी, वाकलेला, गुडघाभर उभा असतो. अर्धा कापलेला, अर्धा वाट पाहत. मधेमधे बोड्या, म्हणजे गावतळी, त्यांवर सकाळची वाफ. आणि धुऱ्यावरून, वीतभर रुंदीच्या मातीच्या बांधावरून, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया अशा चाललेल्या की भारा हलत नाही. मी ते सुंदर म्हणून पाहिलं. मास्तर खिडकीला नाक लावून ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते.

आंबाबोडी, बुधवार

कुसुमच्या वडिलांनी पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. गरम भात, लाखोळीच्या डाळीचे वडे कुस्करून, वर कढत तेल आणि लाल मिरची. नागपुरात वडाभात सणाचा. इथं कापणीच्या दिवसांत भूक लागली की करतात. जेवण त्यांनी पोटभर होऊ दिलं. मग बोलले.

"तुमी चांगले लोकं आहा. पण मले सांगा, फाट्यावर तो पोट्टा रोज फटफटी लावून उभा राहते. मी धान कापू का पोरीच्या मागं फिरू? नाव कापते तं कापू द्या. गोंदियाकडून एक स्थळ आलं हाये."

कुसुम दाराआडून म्हणाली, "मले नाही करायचं ते."

"तू चूप बस वं."

"एवढं वर्ष काढलं मी बाबा. सलाईन लावता येते मले. कोणाचं बाळंतपण अडलं तं तुमीच तं म्हणान, कुसुमले बोलवा."

 वडील म्हणाले, "शनिवारी कुहीच्या बाजाराची बस हाये, नागपूरले जाते. तिचं तिले फाट्यावर जाता आलं, मंधात माहा जीव टांगणीले लागला नाही, तं जाऊ दे." तीन दिवस मिळाले.

जागा हवी होती. शाळेचं पटांगण मोकळं होतं, म्हणून हेडमास्तरांकडं गेलो. त्यांनी प्रगतीवर बरंच भाषण केलं. चहा आला, मला कपबशीत, मास्तरांना काचेच्या ग्लासात. आडनाव त्यांनी दारातच विचारून घेतलं होतं. 'कपबशा कमी पडल्या,' असं मला हळूच सांगितलं. मागच्या कपाटात सहा दिसत होत्या. मी माझी कपबशी मास्तरांपुढं सरकवली आणि ग्लास उचलला. त्यानंतर पटांगण मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. "मुलींना मारामारी? शासनाचं परिपत्रक लागेल," हेडमास्तर म्हणाले. मारामारी करणाऱ्या त्या पुतण्याला याच शाळेनं दहा वर्षं शिकवलं, त्याचं परिपत्रक कोणतं, ते विचारलं तर ते उठून आत गेले.

जागा दिली गावातल्या शेंडे आजीनं. तिचं खळं. "पसरा किती पसरायचं थे. पण झाल्यावर तणस पुन्हा रचून ठेवाचं बरं का, बैलायचं खाणं हाये." मास्तरांनी पेंढ्या सोडल्या, जाड थर दिला आणि त्यावर धपकन पडून पाहिलं. "कोबेले आखाड्यात चटया राहते ना, त्याच्याबी पोटात धानाचं तणसच राहते. रामदासपेठेत रबर टाकलं लेकाच्यांनी!"

बारा-तेरा बाया जमल्या. आणि पहिला दिवस सपशेल फसला.

मास्तर सांगत, "कोणी हात धरला की डोक्यावरचं टाका खाली, दोन्ही हात मोकळे करा." आणि एकही बाई टाकेना. रिकामं टोपलं दिलं तरी टाकेना. हात धरला की दुसरा हात आपोआप टोपल्यावर घट्ट.

मला राग आला. मंडळात मला भाषणाची सवय आहे. मी मधोमध उभी राहून सुरू झाले, "बायांनो, जीव मोठा की टोपलं? हीच ती गुलामी! पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या डोक्यावर..."

शेंडे आजीनं मला पुरं होऊ दिलं नाही. "पोरी, तू शिकलेली हायेस. टोपल्यात काय राहते, माहीत हाये का तुले? भात राहते. भात पायात टाकाचा? घडा राहते, घडा फुटला तं पाणी कोण आणन, तू? परवा ह्या सुमनच्या टोपल्यात तं तिचं लेकरूच होतं. थे बी टाकू?"

बाया हसल्या. मी खाली बसले. कुसुम त्या दिवशी चिखलात पडली तेव्हाही टोपलं तिनं वर धरलेलं होतं. भाताचं शीत सांडलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. रामदासपेठेनं तिला हवेत लाथ मारायला शिकवलं, पण तिच्या डोक्यावर काय असतं हे विचारलंही नाही. आणि मी पत्रकं वाटत होते!

गुरुवार, शुक्रवार

पहाटे मास्तर गायब. बोडीच्या पाळीवर उकिडवे बसलेले सापडले, कानाला मफलर, पाणी भरायला येणाऱ्या बाया न्याहाळत. गावातली दोन माणसं जरा दूर उभी राहून 'हा म्हातारा काहून पाहून राहिला' याचा विचार करत होती. मी गेले नसते तर मास्तरांना त्यांची विद्या स्वतःच्याच बचावाला वापरावी लागली असती.

"नंदा, पाह्य," ते म्हणाले. "टाच उचलत नाही. पाऊल घासत टाकते. मान सरळ, वजन पोटात. चिखल, घडा भरलेला, अन् डोळे समोर. अवं, माह्या गुरूनं मले हे चालणं शिकवाले चार वर्षं घेतले. पाठीवर बांबू हाणत होता. अन् मी काल याईले म्हणत होतो, टोपलं टाका! टोपलं टाकलं की हे सगळं जाते. मंग राहिलं काय? रामदासपेठ."

त्या दिवशी मास्तरांनी नमस्कार, आकडे, सूट, पवित्रे सगळं फेकलं आणि जपानातून आणलेल्यातलं तेवढंच ठेवलं जे एका हातानं, लुगड्यात, ओझ्याखाली होईल. मनगट सोडवायचा डाव असा. ओढायचं नाही, ओढाओढीत पुरुष जिंकतो. मनगट सुपासारखं फिरवायचं, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला, कारण मुठीत कमजोर तोच. त्याच वेळी त्याच्यापासून दूर नाही, त्याच्याकडं एक पाऊल. कोपर त्याच्या छातीत. आणि मान सरळ ठेवून खाली बसायचं, घडा उतरवायला बसतात तसं. तो आपल्याच जोरानं पुढं येतो, त्याचा गुडघा तुमच्या कमरेला अडतो आणि तो तुमच्या बाजूनं पलीकडं. एका बाईनं याला 'पाखडणं' म्हटलं. कोबेतलं नाव मास्तरांनी सांगितलं होतं. कोणी लक्षातही ठेवलं नाही.

आता हात धरणार कोण? परक्या पुरुषानं धरायचा नाही, घरातल्या दिरा-भासऱ्यानं तर नाहीच. मास्तरांचाही स्पर्श नको, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. नागपुरात याच्यावर परिसंवाद झाला असता. इथं शेंडे आजी पदर खोचून पुढं आली.

"मी धरतो सुनेचा हात. मले सराव हाये."

खळं हसण्यानं फुटलं. सून म्हणाली, "मास्तर, सासूनं धरला तं सोडवायचा कसा, हेच पहिले शिकवा!" मग सगळ्याच सासवा उठल्या. आणि गंमत अशी की प्रत्येक सून सासूला पाडायच्या आधी वाकून तिच्या पाया पडायची. पाया पडायची, आशीर्वाद घ्यायची, मग तणसावर आपटायची. मी तोंड उघडणार होते. मास्तरांनी हातानं थांबवलं. "राहू दे. तिकडं जपानातबी वाकूनच सुरू करते."

शुक्रवारी दुपारपर्यंत पाखडणं सगळ्यांना आलं. कुसुमला येत नव्हतं. सुजलेलं मनगट धरलं की ती गोठायची. आजीनं धरलं, सुमननं धरलं, तीच गत. शेवटी तिनं मास्तरांना विचारलं, "सर, उद्या नाही जमलं तं?"

मास्तर म्हणाले, "नाही जमलं तं चूक माही. तुही नाही. हे आधी डोक्यात घे, मंग टोपलं घे."

ती रडली. मग पुन्हा उभी राहिली. चौथ्यांदा आजी पलीकडं गेली आणि तणसात पडल्यापडल्या ओरडली, "बाप्पा! ही नर्स होऊन राहिली का पैलवान!"

शनिवार, फाटा

बाजाराचा दिवस, कुहीकडून नागपूरला जाणारी बस भरलेली. कुसुमच्या डोक्यावर तिची पत्र्याची पेटी. आम्ही वीसेक पावलं मागं, तिच्याच सांगण्यावरून. पुतण्या फटफटीवर बसून भजी खात होता. उठला, तेलकट हात पँटला पुसले.

"काय वं नर्सबाई? माही नाडी नाही पाहत का?" आणि त्यानं तेच मनगट धरलं.

मी तीन दिवस रोज पाहिलं होतं, तरी मला नीट दिसलं नाही. एक पाऊल, एक वळसा, ती खाली बसली आणि उठली. पुतण्या रस्त्याच्या कडेच्या गिट्टीत तोंडावर पडला होता. पेटी डोक्यावर तशीच. कुसुमनं वळूनही पाहिलं नाही, बसच्या पायरीवर चढली आणि कंडक्टरला म्हणाली, "एक नागपूर."

मला वाटलं, झालं. मूर्ख मी.

पुतण्याचा पुढचा दात तुटला होता. हवालदार चौकीतून टोपी घालत धावत आला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी याच माणसाला कुसुमसाठी कागद सापडायला दुपार झाली होती. आज तो कागद घेऊनच आला. बस थांबवली, तिथंच टपरीच्या बाकावर फिर्याद लिहिली. 'सदर मुलीने जपानी शस्त्राने हल्ला केला.' मी विचारलं, शस्त्र कुठाय? तो मास्तरांच्या वळकटीकडं पाहायला लागला, आणि तिच्यावरचा काळा पट्टा सोडवून जप्त केला.

"पाहिलं कोणी?" मी बसमध्ये चढून विचारलं. "आधी हात कोणी धरला, ते सांगा."

कंडक्टर तिकिटं मोजत होता म्हणे. ड्रायव्हरला आरसा तिरपा. पुढच्या सीटवर हेडमास्तर, त्यांच्या डोळ्यांपुढं पेपर. कानांपुढं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. दोन बाया एकमेकींकडं पाहून खाली पाहायला लागल्या. एक धोतरवाला म्हणाला, "बाई, आमचं धान त्याईच्याच मिलवर जाते." निदान हा खरं बोलला. माझी साक्ष हवालदारानं घेतली नाही, मी 'पत्रकवाली'. मास्तरांची नाही, ते 'शिकवणारे'. सांजवेळी हमीवर कुसुमला सोडलं आणि शेवटच्या बसनं आम्ही तिघं नागपूरला आलो.

ती वेळेत हजर झाली. नाव कापलं नाही. पण बातमी तिच्याआधी पोचली होती, आणि मेट्रनबाईंनी सांगितलं, फिर्याद खोटी असल्याचा कागद आणा, नाहीतर गुन्हा नावावर असलेली मुलगी आम्हाला वॉर्डात चालत नाही. चौकीची तारीख येत्या सोमवारची आहे, सकाळी दहाची. साक्षीदारांच्या जागी हवालदारानं रेघ ओढून ठेवलीय.

मास्तर आज दुपारीच पुन्हा आंबाबोडीला गेलेत. सुतळीनं बांधलेली वळकटी घेऊन. खळ्यावर आता शेजारच्या दोन गावांच्या बाया येतात. तो वर्ग चालेल, त्याची मला काळजी नाही. मला काळजी त्या रेघेची आहे.

त्या बसमध्ये माणसं दाटून उभी होती. हे पान गुरुवारी तुमच्या हाती पडेल. त्यांच्यातलं कोणीतरी तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत, तुमच्या शेजारच्या टेबलाशी बसत असेल. गेल्या शनिवारी कुहीच्या बाजाराहून बसनं कोण आलं ते आज विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर वाचणं इथं थांबवा, सोमवारी दहाला आंबाबोडी फाट्याच्या चौकीत जा, आणि हात आधी कोणी धरला ते स्वतःचं नाव लिहून सांगा.